बिनमेणाच्या गोळ्या

ऑरिन टॅकेटच्या छपरीत शिरलं की आधी मेणाचा वास नाकात भरायचा, मग तापल्या शिशाचा. डोळे अंधाराला सरावले की मग कुठे ऑरिन दिसायचा, चुलीपुढे तिरका बसलेला, डावा पाय लांब करून. लाकूडतोडीच्या कॅम्पात एक ओंडका घसरून त्याचा गुडघा चिरडला होता. तेव्हापासून तो पाय वाकत नव्हता, आणि झाडं पाडायचं कामही सुटलं होतं. आता तो बहिणीच्या घरामागे या छपरीत राहायचा. घर खरं तर दोघा भावंडांचं, आईबापांनी मागे ठेवलेलं. पण ओपलचं लग्न झालं, तिचा नवरा डोयल घरजावई होऊन आला, आणि हळूहळू घर डोयलचं झालं. ऑरिनला कुणी जा म्हणालं नव्हतं. डोयलबरोबर एका टेबलावर जेवणं त्यालाच जमेना, म्हणून त्याने गादी उचलली.

याक नदीच्या वरच्या अंगाला त्या तंगीच्या वर्षांत दुकानातली काडतुसं घेणं म्हणजे चैन होती. आणि बंदुकीशिवाय तर भागायचं नाही, कारण हिवाळ्याचं मांस डोंगरातूनच यायचं. म्हणून जो तो घरी गोळ्या ओतायचा. बंद पडलेल्या खाणीतले शिशाचे पाइप उपटून आणायचे, वितळवायचे, साच्यात ओतायचे आणि काडतुसांच्या जुन्याच पुंगळ्या पुन्हा भरायच्या. नेम चुकला की बंदूक म्हातारी झाली म्हणायचं. ऑरिनला ते पटत नसे. उघडं शिसं नळीतून घासत जातं, आतल्या पिळाच्या खाचांना चिकटतं, आणि चारदोन बार झाले की त्या खाचा बुजतात. मग गोळी नळीतून निघते खरी, पण जाते तिच्या मर्जीने. गोळीला काहीतरी ओशट हवं, हे सगळ्यांना माहीत होतं. काय हवं, याच्यावर मात्र कुणी डोकं चालवत नव्हतं.

ऑरिनने चालवलं. त्याला वेळच वेळ होता. मेणबत्तीचं मेण लावलं, ते पोपडे होऊन गळालं. डुकराची चरबी लावली, ती उन्हात पाघळून दारूत उतरली आणि बार फुसका निघाला. गाडीच्या चाकाचं वंगण लावलं, त्याने तर नळीत असा चिखल केला की दोन दिवस फडकं फिरवत बसावं लागलं. शेवटी एका पोकळ झाडातलं मधमाश्यांचं मेण आणि हरणाची चरबी यांचं प्रमाण जमलं. पसरट थाळीत गोळ्या उभ्या मांडायच्या, वरून ते पातळ मिश्रण सोडायचं, गोळ्यांच्या अंगावरच्या खाचा बुडाल्या की थांबायचं. गार झालं की बूड कापलेल्या पुंगळीने एकेक गोळी वडी पाडावी तशी काढून घ्यायची. खाचेत मेण कसं गच्च बसलेलं असे. मग ओढ्यापलीकडच्या फळीवर ऑरिनच्या गोळ्या एकमेकींना खेटून भोकं पाडत.

डोयलला या सगळ्याची भारी मजा वाटे. तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणायचा, "काय मेव्हणेबुवा, आज काय बेत? लोणी फासलेल्या गोळ्या? सोबत थोडा मध पण वाढ की हरणाला, आवडीने खाईल."

ऑरिन मान वर करत नसे. डोयल दिसायला देखणा होता, हसला की शेजारच्या बायका त्याला फळं भरून भाजलेल्या 'पाय'चे दोन तुकडे जास्त वाढायच्या. घरात मात्र त्याचा हात सुटायचा. एकदा ऑरिनने फावड्याच्या दांड्याने त्याच्या पाठीत घातलं होतं. त्याची भरपाई डोयलने ओपलकडून केली, दार लावून. दुसऱ्या दिवशी ती छपरीत आली आणि ओठ धड हलत नसताना म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस ऑरिन. पाया पडते. तू एक मारतोस, मला दहा पडतात." तेव्हापासून तो मध्ये पडला नव्हता, आणि त्या न पडण्याची त्याला स्वतःचीच किळस होती.

सप्टेंबरात एका दुपारी डोयल छपरीत आला आणि नुकत्याच ओतलेल्या गोळ्यांचा डबा त्याने उचलला.

"त्यांना मेण लागायचंय अजून," ऑरिन म्हणाला.

"शिसं ते शिसं."

"नळी बुजेल, डोयल. मग मागून माझ्या नावाने बोंबलू नकोस."

"तुझ्या नावाने बोंबलायला तू आहेस कोण?" डोयल म्हणाला आणि गेला. त्याने पुंगळ्या भरल्या आणि संध्याकाळभर कुंपणावर बाटल्या मांडून बार काढले. आधी बाटल्या फुटत होत्या. मग फुटेनाशा झाल्या. ओपल अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने नुसतं पाहिलं. पण चुकलेल्या नेमाकडे बायकोने पाहणंही डोयलला पुरलं.

सकाळी ऑरिनला जाग आली ती वासराच्या ओरडण्याने. विजार चढवून तो बाहेर येईतो ते ओरडणं थांबलंही होतं. गोठ्यामागच्या कुरणात एक अस्वल वासरावर उभं होतं. तपकिरी, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, पाठीवर चंदेरी झाक. वासराचं पोट फाडून ते आतडी ओढत होतं. डोयल कुंपणाशी पोचला होता. त्याने बार काढला. गोळी मेलेल्या वासराला लागली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसरी अस्वलाच्या पोटात बरीच मागे लागली. ते गरकन वळलं, स्वतःच्याच कुशीला चावलं, आणि रक्ताची धार सांडत ओढ्याकाठच्या आल्डरच्या झुडपांच्या जाळीत घुसलं.

"लागली! बघितलंस? लागली!" डोयल ओरडला.

"पोटात लागली," ऑरिन म्हणाला. "आता ते मरणार नाही आणि जगणारही नाही. जो वाटेत येईल त्याला फाडेल."

जखमी अस्वल तसंच सोडून चालत नाही. खाली नदीकाठाने शेजाऱ्यांची पोरं शाळेला चालत जातात. डोयललाही हे कळत होतं. ओपल ओसरीत आली होती. तिचा एक डोळा सुजून पार मिटला होता, गालावर जांभळं चढलं होतं. ऑरिनने ते पाहिलं, आणि ऑरिनने पाहिलं हे तिने पाहिलं. तिने कॉफीचा डबा त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

दोघे रक्ताच्या मागावर निघाले. ऑरिनकडे त्याच्या बापाची जुनी रायफल होती आणि मेण भरलेल्या गोळ्यांची काडतुसं. डोयलने नळी पुसली नव्हती.

"तू मागे राहा," ऑरिन म्हणाला. "तुझी बंदूक आता काठीच्या लायकीची आहे."

"आणि तू लंगडत लंगडत पुढे जाणार? अस्वल हसून मरेल."

"मोठ्याने बोलू नकोस."

"का? लोण्याचा वास आलाय का त्याला?"

ओढ्याच्या वळणावर रक्त संपलं. पानांवर नाही, दगडांवर नाही, कुठेच नाही. ऑरिन थांबला. अस्वल वळून स्वतःच्याच वाटेच्या कडेला दबा धरून बसतं, हे त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं. तो हात वर करून डोयलला थांबवणार तेवढ्यात डावीकडची जाळी फुटली.

आवाज आधी आला नाही. आधी ते धूड आलं. डोयलने कमरेवरूनच बार काढला, तो हवेत गेला, आणि पुढच्या क्षणी तो खाली होता. अस्वलाने त्याचं डोकं तोंडात धरलं. हाड करकरलेलं ऑरिनला ऐकू आलं, ओल्या फांदीसारखं. डोयल किंचाळत होता, मग किंचाळणं घुसमटलं, कारण त्याच्या तोंडाचाच अर्धा भाग अस्वलाच्या दातांत होता. त्याने चेहऱ्याआड हात घातला, अस्वलाने तो हात धरून त्याला चिंधीसारखं झटकलं. कातडी कपाळापासून मागे सोलली गेली.

ऑरिनने बंदूक खांद्याला लावली. समोर अस्वलाचा खांदा होता, भिंतीएवढा. पण खांद्यात मारली तर मरायच्या आधी ते डोयलचा चुराडा करील. डोकं हवं. डोकं डोयलच्या डोक्याला भिडलेलं होतं. थांबायला हवं होतं, आणि तो थांबला.

अस्वलाने एकदा मान उचलली. कान, कानाखालची मऊ जागा, सगळं उघडं. ऑरिनचं बोट चापावर होतं. त्याच्या डोळ्यांपुढे ओपलचा मिटलेला डोळा आला. अस्वलाने मान पुन्हा खाली घातली.

डोयल आता किंचाळत नव्हता, नुसता गुरगुरल्यासारखा आवाज येत होता, अस्वलाचा की त्याचा ते कळत नव्हतं. अस्वलाने पुन्हा मान उचलली, नाक हवेत, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. ऑरिनने चाप ओढला. गोळी कानाखाली गेली, जिथे त्याने ठेवली होती तिथेच. अस्वल पुढचे पाय दुमडून बसलं. ऑरिनने दुसरी डोळ्याच्या मागे घातली आणि ते डोयलच्या पायांवर आडवं झालं.

ते पायांवरून ढकलायला ऑरिनला धुडाखाली जाड फांदी घालावी लागली. डोयलचा एक डोळा नव्हता. जबडा एका बाजूला लोंबत होता. पण छाती हलत होती. ऑरिनने आपला सदरा फाडून सोललेली कातडी जागेवर बांधली, घरी जाऊन खेचर आणलं आणि त्याला त्याच्यावर पोत्यासारखं टाकलं.

ओपलने त्याला स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतलं. पाणी उकळलं, व्हिस्की ओतली, आणि खोगीर शिवायच्या दोऱ्याने नवऱ्याचं डोकं शिवलं. डॉक्टर लिबी गावाहून दुसऱ्या दिवशी पोचला. टाके बघून म्हणाला, मी याहून बरे घातले नसते. जबडा त्याने तारेने बांधला.

त्याआधी, रक्ताच्या पाण्याची बादली घेऊन ओपल बाहेर आली तेव्हा ऑरिन पायरीवर बसला होता.

"तू थांबला होतास का?" तिने विचारलं.

"डोकं वर यायची वाट बघत होतो. दुसरीकडे मारून उपयोग नव्हता."

"किती वेळा आलं वर?"

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. सुजलेल्या डोळ्याची फट आता जराशी उघडली होती. तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "दोनदा," तो म्हणाला.

ओपलने बादली कुंपणाच्या मुळाशी रिकामी केली. "मग दुसऱ्यांदा कशाला मारलीस?" ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्याने वाट का बदलली ते विचारावं तसं. आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

डोयल ऑक्टोबरभर अंथरुणात होता. ऑरिनने अस्वल सोललं, कातडं खुंट्यांवर ताणलं आणि चरबी कढवली. हिवाळ्यासाठी खाऊन माजलेल्या अस्वलाची चरबी गारठ्यातही घट्ट होत नाही. मेणात थोडी घातली, तर थंडीत गोळीवरचं मेण तडकेना. इतकं चांगलं मिश्रण त्याला आजवर जमलं नव्हतं. ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याने ओपलला सांगितलं, आणि ओपल म्हणाली, "दाखव."

मग डोयल औषधाच्या गुंगीत झोपला की ती ओढ्याकाठी यायची. लहानपणी बापाने दोघांना बंदूक शिकवली होती. लग्नानंतर तिने हात लावला नव्हता. डोयलला ते खपत नसे. पहिले बार उडाले तिकडे उडाले. ऑरिन म्हणाला, "श्वास अर्धा सोड आणि तिथेच धर. चाप खेचायचा नाही, दाबत राहायचं. बार झाला की तुलाच नवल वाटलं पाहिजे." बर्फ पडेपर्यंत तिच्या गोळ्या फळीवर बशीच्या गोलात बसू लागल्या. एकदा तर एका भोकात दुसरी गेली. ती हसली. तो आवाज ऑरिनने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तो कानात साठवावा म्हणून तो फळीकडे मुद्दाम सावकाश लंगडत गेला.

डोयल उठून हिंडायला लागला तेव्हा बर्फ कंबरभर होतं. चेहरा जोडलेला होता, पण चुकीच्या तुकड्यांनी जोडल्यासारखा. लाळ गळायची, बोलताना शब्द एका बाजूने सांडायचे. शेजारच्या बायका आता त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. त्याने ओपलला आरशावर ढकलून आरसा फोडला. मग आणखी वाईट दिवस आले. तिच्या मनगटावर चुलीच्या तापल्या लोखंडी झाकणाचा डाग उठला. ऑरिनने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बर्फ वितळू दे."

बर्फ वितळायच्या आधीच एका सकाळी डोयल छपरीत आला. हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता. ऑरिन चुलीवर शिसं वितळवत होता.

"मला आठवलं," डोयल म्हणाला. "अस्वलाने मान उचलली. मी तुला बघितलं. या गेलेल्या डोळ्याने बघितलं, तेव्हा तो होता अजून. तू बंदूक धरून उभा होतास."

"बस, डोयल."

"बघत होतास!"

"हो," ऑरिन म्हणाला. "बघत होतो. पहिल्यांदा मारली नाही. दुसऱ्यांदा मारली. त्यावर जगलायस तू."

दांडा ऑरिनच्या मानेवर बसला, मग चांगल्या गुडघ्यावर. ऑरिन कोसळताना चुलीला धडकला. शिशाचं भांडं कलंडलं. चकाकती धार जमिनीवर पसरली, डोयलच्या बुटावर चढली आणि चामडं धुमसायला लागलं. डोयल ओरडला, पण मागे सरला नाही. त्याने ऑरिनचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा त्या सांडलेल्या शिशावर दाबला. ऑरिनच्या घशातून आलेला आवाज घरापर्यंत गेला. त्याने मोकळ्या हाताने साचा उचलून डोयलच्या जोडलेल्या जबड्यावर हाणला. तार तुटली. डोयल थुंकला, त्यात दात होते. त्याने ऑरिनला केसांनी धरून चुलीच्या लाल पत्र्याकडे ओढायला सुरुवात केली. भुवईचे केस चरचरले.

"सोड त्याला."

ओपल दारात होती. बापाची रायफल तिच्या हातात होती.

डोयलने वळून पाहिलं आणि तो हसला, म्हणजे तोंडाने जे जमलं ते केलं. "तू? ठेव ती खाली आणि आत जा. तुझं मग बघतो."

"सोड म्हटलं."

"नाहीतर काय करशील गं? अं?" त्याने ऑरिनचं डोकं सोडलं नाहीच, उलट दांडा उचलला.

ओपलने अर्धा श्वास सोडला. ऑरिनला तो ऐकू आला. मग बार झाला, आणि छपरीत दुसरं काही ऐकू येईनासं झालं. गोळी डोयलच्या दांडा धरलेल्या हाताच्या वरच्या हाडातून गेली. हात खांद्यापासून लुळा लोंबला. दांडा चुलीत पडला. डोयल भिंतीला टेकून खाली सरकत गेला आणि आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

ओपलने दुसरं काडतूस आत सरकवलं. "डोक्यावर धरू शकले असते," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिला कळत नव्हतं. "तुला वाटेल चुकून हाताला लागली. चुकून नाही लागली. नीट ऐकतोयस ना? इथून पुढे या दारात दिसलास तर चुकून काहीच लागणार नाही."

तिनेच त्याचा हात आवळून बांधला. तिनेच खेचरावर खोगीर घातलं. खालच्या वळणावरचा म्हातारा फिनिश शेजारी, तोइवो कोस्की, बार ऐकून बर्फातून वर आला होता. त्याने एकदा ऑरिनच्या जळलेल्या पंजाकडे पाहिलं, एकदा ओपलच्या मनगटाकडे. "मी नेतो याला," तो म्हणाला. डोयल वाटभर शिव्या देत होता, असं कोस्कीने नंतर सांगितलं. पण लिबीत डॉक्टरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बंदूक पुसताना उडाली. बायकोने गोळी घातली हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. डॉक्टरला ते खरं वाटलं की नाही कुणास ठाऊक. त्याने हात कोपराच्या वर कापला आणि पुढे काही विचारलं नाही.

वसंतात डोयल आगगाडीने पश्चिमेला गेला. कुणी म्हणे तो समुद्राकाठी मासळीच्या कारखान्यात पहारेकरी आहे, कुणी म्हणे एका विधवेने त्याला ठेवून घेतलंय. ओपलने ते ऐकलं की ती एवढंच विचारायची, "तिला बंदूक चालवता येते का?" आणि ऐकणारा हसावं की नाही या पेचात पडायचा.

ऑरिन पुन्हा घरात राहायला आला. उजव्या पंजाची कातडी चकचकीत आणि ताठ झाली होती, बोटं पूर्ण मिटत नव्हती. तो रायफल डाव्या खांद्याला लावायला शिकत होता आणि त्याचा नेम पोराटोरासारखा चुकत होता. त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. रात्री मात्र ती पहिल्यांदा उचललेली मान त्याला दिसायची, आणि बोट चापावर अडकायचं, आणि आपण दुसऱ्यांदा का मारली हे त्याला अजूनही ओपलला सांगता आलेलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

जूनमध्ये घटस्फोटासाठी तिला लिबीच्या कोर्टात जावं लागलं. कोस्कीच्या ट्रकमधून ती गेली. परतायला दिवस कलला. उतरली ती हकलबेरीच्या, त्या जांभळ्या रानफळाच्या, 'पाय'चा खोका घेऊन.

"न्यायाधीश काय म्हणाला?" ऑरिनने विचारलं.

"काही नाही. सही कर म्हणाला." तिने खोका टेबलावर ठेवला आणि टोपीची टाचणी काढली. "मग हॉटेलात बसले. एकटी. वाढणारी बाई विचारायला आली, कोणी यायचंय का अजून. म्हटलं, नाही, कुणी नाही यायचं. अख्खी 'पाय' मागवली. निम्मी तिथेच खाल्ली."

"निम्मी?"

"पोट दुखतंय आता," ती म्हणाली, आणि उरलेली कापायला सुरी शोधू लागली.